तियो तेबानचा थेंब्या

मित्रांनो, मला तळहातावर घेतलंत तर मी सुपारीएवढा दिसेन, पण वजन हाताला लगेच कळेल. अंग पोलादाचं, डोक्यावर रुंद तोंडाची काळी मुखनळी आणि पोटात दोन आखूड खांब, एवढंच माझं शरीर. मी एक जुना अ‍ॅटोमायझर आहे. फिलिपिन्समधल्या लगुना तळ्याकाठी, सान रोके नावाच्या गावात माझा जन्म झाला आणि अजूनही मी तिथंच आहे.

नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. व्हेप नावाचं यंत्र असतं. खाली बॅटरी आणि बॅटरीच्या डोक्यावर माझ्यासारखा कोणीतरी. माझ्या पोटात बारीक तारेचं वेटोळं बसवतात, त्याला कॉइल म्हणतात. वेटोळ्यातून कापसाची वात ओवतात आणि वातीवर वासाचा द्रव सोडतात. बटण दाबलं की तार तापते, द्रवाची वाफ होते आणि माणसं ती ओढतात. बाजारात तयार मिळणारे आमचे भाऊबंद पुष्कळ आहेत. त्यांची तार जळाली की ते कचऱ्यात जातात. माझ्या जातकुळीतले मात्र उघडता येतात. आमची तार बदलता येते, कापूस बदलता येतो, घासूनपुसून आम्ही पुन्हा कामाला लागतो.

लहान मित्रांनी माझी गोष्ट जरूर ऐकावी, मला हाती मात्र धरू नये. त्या द्रवात सिगारेटमधलंच निकोटीन असतं आणि ते एकदा मागे लागलं की सहज सुटत नाही. आमच्या गावातही मुलांना माझ्या वाऱ्याला उभं करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

ज्यानं मला घडवलं त्याचं नाव एस्तेबान व्हिल्यालूझ. लहानथोर सगळे त्याला तियो तेबान म्हणत, म्हणजे तेबानकाका. मी त्याच्याच हातचा, म्हणून मला तो नुसता तेबान. तळ्याच्या रस्त्यावर त्याचं लेथचं दुकान होतं. होड्यांच्या पंख्याचे दांडे सरळ करणं, इंजिनाचे भाग कातणं हे पोटाचं काम. जिवाचं काम वेगळं होतं. गावच्या बँडमध्ये तो बाहो वाजवायचा. बाहो म्हणजे वळशावळशांचं भलंमोठं पितळी शिंग. मांडीवर घेतलं की मागचा माणूस दिसत नाही.

ऑगस्टमध्ये गावची जत्रा असते. संत रोकेची मूर्ती खांद्यावरून चर्चच्या दारात आणतात, आणि तिथं सगळा बँड थांबतो. फक्त बाहो एक खालचा सूर धरतो. तो सूर चालू असेपर्यंत मूर्ती उंबऱ्यावर उभी. सूर संपला की घंटा वाजतात आणि मूर्ती पायऱ्या उतरते. हा सूर तेबानच्या वडिलांकडून तेबानकडे आला होता. गावातली म्हातारी माणसं वर्षभर एकमेकांना सांगत, यंदा तेबाननं किती ओढला, मागल्या वर्षी किती ओढला होता.

पण तेबान सिगारेट ओढायचा, एकीच्या निखाऱ्यावर दुसरी पेटवून. एका वर्षी जत्रेच्या बरंच आधी, तालमीतच, त्याचा सूर मध्येच तुटला. नुसता तुटला नाही, त्याला खोकल्याची शेपटी लागली. तबलजी जसा ठेका धरतो तसा तो खोकला ताल धरून आला, म्हणून पोरं हसली.

बँडच्या प्रमुख मायेस्त्रा कोनचिंग हसल्या नाहीत. मायेस्त्रा म्हणजे बाई; त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या.

"तेबान," त्या म्हणाल्या, "जत्रेपर्यंत छाती साफ कर. नाहीतर सूर आम्बोकडे जाईल."

आम्बो हा तेबानचा चुलतभाऊ, बँडमधला दुसरा बाहो. दोघं लहानपणी एकाच होडीतून मासे धरायला जात आणि मोठेपणी एकमेकांच्या वाजवण्याला नावं ठेवत.

"आम्बोकडे?" तेबान म्हणाला. "मायेस्त्रा, तो वाजवतो तेव्हा रेडा चिखलातून पाय काढतोय असं वाटतं."

"रेड्याला खोकला तर नाही ना," मागून आम्बो म्हणाला.

तेबान तालमीतून तडक भाचीच्या दुकानात गेला. भाचीचं नाव जिंकी. चर्चच्या पायऱ्यांसमोरच्या रस्त्यावर तिचं व्हेपचं छोटंसं दुकान होतं. केस आखूड, बोलणं तिखट आणि हात इतके स्थिर, की केसाएवढ्या तारेची वेटोळी ती गप्पा मारता मारता वळायची.

"तियो, एकदम काहीच न ओढता राहता आलं तर सगळ्यात उत्तम," ती म्हणाली. "जमेल?"

"नाही."

"मग हे घ्या. पण एक अट. याच्यावरून पुढं उतरायचं. इथंच मुक्काम ठोकायचा नाही."

तेबाननं मान डोलावली. पुरुष माणूस दुकानात जशी डोलावतो तशी.

जिंकीनं त्याला पहिल्यांदा दिला तो टाकीवाला. त्याच्या कमरेभोवती काचेची टाकी असते. टाकीत द्रव भरून ठेवायचा, तो बारीक खाचांतून वातीपर्यंत आपोआप येतो. एकदा भरला की अर्धा दिवस बघायला नको. यात सगळं कसब कापसाचं आहे. खाचांत तो नेमका बसला पाहिजे. जास्त कोंबला तर द्रव वर येत नाही आणि घसा जळतो, कमी घातला तर टाकी गळते. तेबानला सबुरी नव्हती. त्यानं बोटाच्या चिमटीनं थोडासा कापूस सारला, टोपी फिरवली आणि रविवारी तो खिशात घालून प्रार्थनेला गेला. प्रवचन चालू असताना त्याची पँट मांडीवर ओली झाली. पिकलेल्या आंब्याचा घमघमाट चर्चभर पसरला. पुढच्या बाकावरच्या बायका वळून वळून बघू लागल्या. तिया पुरिंग, म्हणजे तेबानची बायको, आपला काही संबंधच नसल्यासारखी ताठ बसून राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "निदान फणसाचा वास तरी घ्यायचास. आंब्याचे दिवस संपलेत, लोकांना संशय येतो."

मग आला मिश्र जातीचा. त्याच्या टाकीवर उघडा ओटा असतो. कॉइल ओट्यावर बसते आणि कापसाची दोन टोकं भोकांतून खाली टाकीत, विहिरीत दोर सोडावा तशी सोडायची. तो गळत नाही. पण तेबाननं टोकं आखूड कापली. दोर पाण्यापर्यंत पोचलाच नाही. पहिल्याच झुरक्याला कोरडा कापूस जळला आणि तेबान दुकानाबाहेर धावत जाऊन थुंकला.

तिसरा होता पिचकारीवाला. त्याच्या बॅटरीच्या डब्यात रबरासारखी मऊ बाटली असते. बाटली दाबली की द्रव खालून अ‍ॅटोमायझरमध्ये चढतो, सोडली की उरलेला परत उतरतो. हलकं दाबायचं असतं. लेथवर आयुष्य गेलेल्या माणसानं ती बाटली बोल्ट आवळावा तशी दाबली. द्रव थेट मुखनळीतून त्याच्या जिभेवर आला.

जिंकीनं त्याला पाण्याचा पेला दिला आणि शांतपणे म्हणाली, "तियो, दोष यांच्यात नाही. हे तिघंही चांगले आहेत. तुम्ही कापूस घालता तेव्हा मला कळत नाही, तुम्ही वात करताय की गादी भरताय."

तेबानला राग आला. राग आला की तो आपल्या दुकानात जाऊन लेथ चालू करायचा. त्या दिवशीही केलाच. कोपऱ्यात होडीच्या दांड्याचा उरलेला तुकडा पडला होता, न गंजणाऱ्या पोलादाचा. मित्रांनो, तो तुकडा म्हणजे मी.

फिरत्या चाकात मला धरलं तेव्हा मला काहीच कळत नव्हतं. पहिली धार लागली आणि अंगावरचं जुनं कातडं चकचकीत वेटोळ्यांनी गळून पडलं. तेबाननं मला पोकळ केलं, तळ केला, तळावर दोन खांब उभे केले. एक खांब थेट माझ्या अंगाला जोडलेला आणि दुसऱ्याखाली पांढऱ्या कडक प्लॅस्टिकची चकती, म्हणजे वीज भलतीकडे पळू नये. दोन्ही खांबांत तार धरायला बारीक स्क्रू. बाजूला हवेची भोकं. टाकी त्यानं मला दिलीच नाही. मी थेंब्या जातीचा. माझी टोपी काढायची, कापसावर चार थेंब टाकायचे, टोपी घालायची, थोडं ओढायचं, आणि पुन्हा थेंब. गळायला माझ्यात काही साठतच नाही. त्या बदल्यात माझ्याकडे सारखं लक्ष द्यावं लागतं.

मुखनळी करताना मात्र तेबान थांबला. बाजारातल्या मुखनळ्या त्याच्या ओठांना रुचल्या नव्हत्या. त्यानं भिंतीवरच्या बाहोचं तोंड काढून समोर ठेवलं आणि त्याच्यावरून माझ्यासाठी छोटी काळी मुखनळी कातली, रुंद आणि आत वाटीसारखी खोलगट. आम्हा अ‍ॅटोमायझरांत असं तोंड फक्त माझंच आहे.

जिंकीनं मला भिंग लावून आतून पाहिलं. "तियो," ती म्हणाली, "हे तुम्ही केलंत?"

"मग काय आम्बोनं?"

तिनं दोन कॉइल बसवल्या, कापूस ओवला, मला आधी छोट्या मीटरवर ठेवून तारेचा रोध, म्हणजे ती वीज किती अडवते ते, मोजला आणि मगच बॅटरीवर चढवलं. "एवढं कधीच चुकवायचं नाही. तार बसवली की स्क्रू आवळा, मीटरवर ठेवा, मग बॅटरी. विशेषतः तुमच्यासारख्या हट्टी माणसानं."

त्या महिन्यात तेबाननं सिगारेट सोडली. आधी तो चिडला, मग रडवेला झाला, मग त्याला पुरिंगच्या तळलेल्या केळ्यांची चव नव्यानं लागू लागली. तो मला शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि रोज सकाळी उघडायचा. जुना कापूस काढून मला गरम पाण्यात धुवायचा, फडक्यावर वाळवायचा. खोकला कमी झाला. तालमीत सूर पुन्हा लांबायला लागला. मायेस्त्रांनी काही म्हटलं नाही, फक्त वहीत बघता बघता एकदा मान हलवली. ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस होते.

मग स्पर्धा आली.

गावच्या पत्र्याखालच्या बास्केटबॉलच्या मैदानात वाफेची स्पर्धा भरली. मागे रेघा मारलेलं कापड लावलेलं. दोघांनी शेजारी उभं राहायचं, ओढायचं आणि सोडायचं. ज्याची वाफ जास्त लांब जाईल तो जिंकला. शहराकडून मानेवर गोंदवलेली पोरं आली होती. त्यांच्या हातातल्या बॅटरीच्या नळ्यांवर नक्षी होती. जिंकीनं गंमत म्हणून मामाचं नाव घातलं.

समोरच्या पोरानं तेबानकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "आजोबा, खुर्ची हवी का?"

"नको," तेबान म्हणाला. "तुझ्यासाठी असू दे."

त्यानं खांदे सैल सोडले, पोट पुढे काढलं आणि बाहो वाजवताना घेतो तसा श्वास घेतला. माझ्या भोकांतून हवा शिट्टी घालत आत आली. दोन्ही कॉइल लाल झाल्या आणि कापसानं आपल्याजवळ होतं तेवढं सगळं दिलं. मग तेबाननं सोडलं. वाफ कापडाच्या रेघा ओलांडून गेली, पंचांच्या अंगावरून गेली आणि मैदानाच्या कडेला मांस भाजणाऱ्या बाईच्या शेगडीपर्यंत पोचली. ती बाई पुठ्ठ्यानं वारा घालत ओरडली, "अरे, कोणाचं काय जळतंय बघा."

तेबान जिंकला. बक्षिसात विजेचा पंखा मिळाला. पुरिंग म्हणाली, "बरं झालं. तू केलेली वाफ निदान घराबाहेर तरी जाईल."

त्या दिवसापासून गावानं त्याला तंबुत्सो म्हणायला सुरुवात केली. तंबुत्सो म्हणजे गाडीचं धूर सोडणारं नळकांडं. शेजारच्या गावांतून लोक मला बघायला येऊ लागले. एकानं माझा फोटो काढला, एकानं माझ्यासारखा करून मागितला. मित्रांनो, मला आवडत होतं ते. कौतुक कोणाला नको असतं?

पण हळूहळू तेबान मला उघडेनासा झाला. म्हणजे उघडायचा, पण फक्त जास्त जाड तार बसवायला. जाड तार म्हणजे कमी रोध, कमी रोध म्हणजे बॅटरीतून जास्त वीज, आणि जास्त वीज म्हणजे जास्त वाफ. त्यानं जिंकीनं दिलेली बॅटरीची सुरक्षित पेटी बाजूला ठेवली आणि स्वतःच एक साधी पोलादी नळी कातली. तिच्यात वीज मोजणारं किंवा थांबवणारं काहीच नव्हतं. नळी, बॅटरी आणि वर मी. माझा कापूस काळा पडला तरी तसाच राहायचा. धुणं बंद झालं. सकाळ, दुपार तो वाफेतच असायचा. दुकानात लेथ दिसत नसे, तेबान दिसत नसे, फक्त ढग आणि त्यातून येणारा आवाज.

तालमीत सूर पुन्हा तुटला. या वेळी खोकला नव्हता. कोरड्या विहिरीत बादली आपटावी तसा तो मध्येच संपला.

मायेस्त्रा कोनचिंगनी कागद मिटले. "धूर सोडलास म्हणून मला आनंद झाला होता, तेबान. तू तर ढगात राहायला गेलास." मग त्या आम्बोकडे वळल्या. "यंदाचा सूर तुझा."

आम्बो काही टोमणा मारेल असं वाटलं होतं, पण तो आपल्या बाहोच्या कळा पुसत राहिला.

तेबान घरी आला तो त्राग्यातच. दुसऱ्याच दिवशी मनिलातल्या मोठ्या स्पर्धेचं आमंत्रण आलं आणि त्यानं ठरवलं, आता तिथंच नाव काढायचं. दुपारी दुकानात बसून त्यानं माझ्यात आजवरची सगळ्यात जाड तार बसवली. मीटर जिंकीकडे होता. स्क्रू त्यानं आवळले, पण डोक्यात आम्बो आणि मायेस्त्रा घोळत असताना आवळले. एक स्क्रू पुरता बसलाच नाही. मला ते जाणवत होतं. बोलता येत असतं तर मी बोललो असतो.

दोन झुरके नीट गेले. तिसऱ्याला तारेचं टोक खांबातून सुटलं आणि माझ्या टोपीच्या भिंतीला टेकलं. वीज कॉइलमधून जायच्याऐवजी सरळ माझ्या अंगातून धावली. नळी तापायला लागली. तेबाननं बटण सोडलं, पण ते आत चिकटून बसलं होतं. त्यानं मला लाकडी फळीवर टाकलं. फळी काळी पडू लागली. तो नुसता बघत राहिला. आयुष्यभर यंत्रांशी झगडलेला माणूस, पण त्या क्षणी त्याचे हात उचललेच गेले नाहीत.

पुरिंग समोर ओसरीत केळी तळत होती. तिनं कढईतला लांब चिमटा तसाच उचलला, मला नळीसकट धरलं आणि रस्त्यापलीकडच्या वाळूच्या ढिगात फेकलं. वाळूत पडताच बॅटरी फुसफुसली, ठिणग्या उडाल्या आणि मी नळीवरून सुटून दूर जाऊन पडलो. माझी टोपी एका बाजूनं निळी पडली. ती अजून निळीच आहे.

तेबानच्या डाव्या भुवईचे केस जळाले होते. पुरिंगनं कमरेच्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसलं.

"हे बघ," ती म्हणाली, "मला विधवा व्हायचंच असेल तर एखादं रुबाबदार कारण हवं. होडी बुडाली, वीज पडली, काहीही. पण बाजारात बायकांना 'आंब्याच्या वाफेत गेला' असं मी सांगणार नाही."

तेबान हसायला गेला आणि त्याला रडू आलं. "पुरिंग, माझा सूर गेला," तो म्हणाला.

"सूर आम्बोकडे आहे, दोन घरं सोडून. भुवई मात्र खरंच गेली. चल, आधी तेल लावू."

संध्याकाळी त्यानं मला वाळूतून शोधून काढलं, धुतलं आणि जिंकीच्या दुकानात नेऊन ठेवलं. जिंकीनं निळी टोपी बघितली. ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिनं मामाचा हात धरून उलटसुलट करून पाहिला, बोटं सगळी आहेत ना याची खात्री केली आणि मग स्टुलावर बसली.

"तियो, मी म्हटलं होतं ना, याच्यावरून पुढं उतरायचं."

"म्हणूनच आलोय. याला इथंच ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस."

असा मी शेल्फवर आलो. एका बाजूला टाकीवाला, दुसऱ्या बाजूला पिचकारीवाला. पुढचे दिवस तेबानला फार कठीण गेले, हे मला पुरिंगच्या तोंडून कळायचं. ती केळी घेऊन जिंकीकडे गप्पा मारायला यायची. "काल माझ्याशी भांडला, मग बदकाशी भांडला," ती सांगायची. "बदक जिंकलं." पण त्यानं सिगारेट पुन्हा पेटवली नाही. शेंगदाणे खाऊन खाऊन त्यानं खिसे फाडले. सकाळी तो बाहो घेऊन तळ्याकाठी जायचा आणि कोणी ऐकत नसताना एकच सूर धरायचा, जेवढा पुरेल तेवढा. बँडमध्ये मायेस्त्रांनी त्याला झांजा दिल्या होत्या. त्यानं तक्रार न करता वाजवल्या.

जत्रेला थोडेच दिवस उरले होते. एका दुपारी आम्बो जिंकीच्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसला. तिथं तेबान आधीच बसला होता. मी काचेमागून दोघांच्या पाठी बघत होतो.

"पारे, दोस्ता," आम्बो म्हणाला. "मला तो सूर पुरत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे धरतो, पण मध्येच डोळ्यांपुढे अंधारी येते. आपण दोघंही म्हातारे झालो, हे तुला कोणी सांगितलं नाही का?"

तेबाननं त्याच्याकडे मान वळवली. "मायेस्त्रांना सांग मग. त्या दुसरा कोणी बघतील."

"मी सांगितलं. त्या म्हणाल्या, दोघं मिळून करा. मी सुरू करतो. माझा श्वास संपत आला की तू आत ये. तुझा संपला की मी. नीट केलं तर सांधा कोणाला कळणार नाही." आम्बोनं खिशातून शेंगदाणे काढून त्याच्यापुढे धरले. "पण तू माझ्यासारखा चिखलातून पाय काढल्यासारखा वाजवायला शीक. नाहीतर सांधा दिसेल."

तेबाननं शेंगदाणे घेतले. "शिकायला किती वेळ लागतो?" त्यानं विचारलं.

"मला जन्म गेला."

जत्रेच्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला होता आणि पायऱ्या चकचकत होत्या. जिंकीनं दुकान बंद ठेवलं होतं, पण काचेवरचा पडदा वर केला होता, म्हणून मला सगळं दिसलं. संत रोकेची मूर्ती दारात आली. खांदेकरी उंबऱ्यावर थांबले. बँड थांबला. आम्बोनं सूर धरला, खाली, जाड, जमिनीतून आल्यासारखा. सूर चालला. आम्बोची मान लाल झाली, आणि मी पाहिलं, तेबाननं शिंग ओठांना लावलं. पण सूर बदलला नाही. तो तसाच चालू राहिला. थोड्या वेळानं तेबानचे खांदे खाली आले आणि आम्बोचे वर गेले. सूर तसाच.

गावाला आधी कौतुक वाटलं, मग आश्चर्य. म्हाताऱ्या बायकांनी हातातले पंखे थांबवले. एवढा लांब सूर कोणी ऐकला नव्हता. तेबानच्या वडिलांचाही नाही. आणि संपायचं नाव नाही, कारण दोघांपैकी कोणालाच दुसऱ्याच्या आधी थांबायचं नव्हतं.

खांदेकऱ्यांचे पाय थरथरू लागले. मूर्ती वजनदार, शिवाय फुलांनी लादलेली. पुढचा खांदेकरी दात आवळून म्हणाला, "अरे, संताला खाली उतरू द्या की."

मागचा म्हणाला, "मला तरी उतरू द्या."

पहिल्या रांगेत कोणीतरी हसलं. मग पायऱ्यांवर हसू पसरलं. मायेस्त्रा कोनचिंगनी मान खाली घातली, पण त्यांचे खांदे हलत होते. शेवटी त्यांनी दोन्ही हात उचलून मूठ मिटली आणि सूर थांबला, दोघांचा एकाच क्षणी. घंटा वाजल्या. संत रोके पायऱ्या उतरले. तेबान आणि आम्बो बाहो मांडीवर घेऊन धापा टाकत बसले होते, आणि एकमेकांकडे न बघता दोघंही हसत होते.

मित्रांनो, तेव्हापासून मी शेल्फवरच आहे. कोणी सिगारेट सोडायला म्हणून आलं, की जिंकी आम्हाला ओळीनं मांडते. टाकीवाला कोणासाठी, पिचकारीवाला कोणासाठी, थेंब्यात किती मेहनत, हे सांगते. मग माझी निळी टोपी काढून आतले स्क्रू दाखवते आणि म्हणते, "हा एवढासा सैल राहिला म्हणून असं झालं." लोक मला हातात घेतात, निळ्या डागावर बोट फिरवतात आणि स्क्रू नीट आवळायला शिकतात. मला आता कोणी वाफेसाठी वापरत नाही. शिकवायला वापरतात, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. ज्या वस्तूला उघडता येतं, तिला अधूनमधून उघडा. आत काय जळालंय, काय सैल झालंय ते बघा. घाईत आणि रागात तिला हात लावू नका. आणि एखादी वस्तू तुम्हाला काठापर्यंत पोचवायला आली असेल, तर काठ आल्यावर तिच्यातून उतरा. वस्तूला वाईट वाटत नाही. मला विचारा.

कधीकधी बाजारातून जाताना तेबान दुकानात येतो. जिंकी चहा सांगते. चहा येईपर्यंत तो मला शेल्फवरून उचलतो, उजेडाकडे धरतो, नखानं एखाद्या खाचेतली धूळ काढतो. मग मला परत ठेवतो, मुखनळी रस्त्याकडे करून, आणि पुरिंगनं काय काय आणायला सांगितलंय ते आठवत बसतो.